गडग्याआडचं अंजीर

आमच्याकडे रोप मागून आणत नाहीत, चोरून आणतात. मागितलेलं धरत नाही, चोरलेलं धरतं, हे चौलपासून मुरुडपर्यंत कुठल्याही बाईला विचारा, ती छातीठोकपणे सांगेल. माझ्या दारातली जास्वंद रेवदंड्याच्या एका डॉक्टरांच्या कुंपणातली आहे, आणि माझी अबोली कुणी नेली तेही मला माहीत आहे. तिच्या घरी हळदीकुंकवाला गेले की मी तिच्या अबोलीकडे बघते, ती माझ्याकडे बघते आणि आम्ही दोघी हवापाण्याचं बोलतो. अशा या चोरट्या आळीत एकच परसू होतं, जिथल्या पानालाही हात लावायची कुणाची छाती नव्हती. ते ठमाबाईंचं.

ठमाकाकी माझ्या समोरच राहते. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळी. नवरा नामाकाका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी लग्न होऊन या आळीत आले, ओटीवर शिवणाचं मशीन मांडलं, तेव्हापासून तिला रोज बघते आहे. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मासळीवालीसुद्धा टोपली उचलून पुढच्या दाराला जाते. पण परसात गेली की तिचा आवाज उतरायचा. तिथं तिचं अंजीर होतं.

त्याला घरात गलबती अंजीर म्हणत. नामाकाकांचे आजे गलबतावरच्या खलाशांचे तांडेल होते, मीठ घेऊन गेले आणि येताना ओल्या काथ्यात गुंडाळून एक फाटा घेऊन आले, असं काकी सांगायची. कुठून आणला ते तिला धड माहीत नव्हतं. कधी मस्कत म्हणायची, कधी बसरा. बाजारातलं अंजीर पिकलं की जांभळं होतं, हे मात्र पिकूनही हिरवंच राहायचं, त्यामुळे पाखरांनाही चटकन पत्ता लागत नसे. फळानं मान टाकली आणि बुडाशी मधासारखा एक थेंब दिसला, की समजायचं झालं. फोडलं की आत लालभडक. मी ते चार-पाच वेळाच खाल्लं असेन, तेही काकीनं आपल्या हातानं दिलं तेव्हा, आणि मी गिळेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. त्यानंतर मला विकतचं अंजीर कधी गोड लागलं नाही.

आमच्या दमट हवेत अंजीर जगवणं म्हणजे खेळ नव्हे. पावसात पानांवर तांबेरा पडतो, फळं फुटतात, मुळं कुजतात. काकी दसऱ्याच्या सुमारास झाड छाटायची, बुंध्याशी सुक्या मासळीचा कुटा आणि चुलीतली राख घालायची. वटवाघळांना वासानं कळतं म्हणून फळाफळावर जुन्या लुगड्याची पोटली बांधायची. त्या पोटल्या शिवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. निसर्ग वादळ आलं तेव्हा आळीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. काकीनं आदल्या दिवशीच कोळीवाड्यातून जुनं जाळं आणून झाड विहिरीच्या खांबाला बांधून टाकलं होतं. घराची कौलं उडाली, झाड उभं राहिलं, आणि काकीला तो सौदा फायद्याचा वाटला.

फांदी मात्र कुणालाही नाही. घराचं झाड एकाच दारी असावं, दुसऱ्या दारी लागलं की घर फुटतं, असं तिच्या सासूनं तिला बजावलं होतं. आता घर केव्हाच फुटलं होतं, ही गोष्ट वेगळी.

काकीच्या परसाच्या कडेला गडगा आहे, चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत. पलीकडे केसरकाकी राहायची, ठमाकाकीची धाकटी जाऊ. दोघी जावांनी मिळून त्या झाडाचं खूप केलं होतं. केसरकाकीला दिवस गेले होते त्या उन्हाळ्यात ठमाकाकीनं झाडावरचं एकही फळ दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पुढे नामाकाका आणि त्यांचा भाऊ रंगू यांची वाटणी झाली, मध्ये गडगा पडला आणि झाड ठमाकाकीकडे राहिलं. केसरकाकीनं एक फांदी मागितली. ठमाकाकीनं सासूचा नियम पुढे केला. मग थोड्याच दिवसांत एका सकाळी झाडाची एक फांदी कोयत्यानं कापून नेलेली दिसली, एका घावात, साफ. ठमाकाकीनं नळावर सगळ्या आळीदेखत केसरकाकीला चोर म्हटलं. केसरकाकी एवढंच म्हणाली की मी न्हाय नेली, आणि अर्धी भरलेली कळशी उचलून घरी गेली.

त्या दसऱ्याला ठमाकाकीनं झाड छाटलं आणि सगळ्या काटक्या गडग्यावरून पलीकडे भिरकावल्या, चोरतेस कशाला, घे हा कचरा, असं ओरडत. रंगूकाकांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून गडग्यावर आणखी दोन थर चढवले. तेव्हापासून वीसेक वर्षं दोघी बोलल्या नाहीत. दोघींचे नवरे गेले तेव्हा एकमेकींच्या दारी रीतीप्रमाणे गेल्या, रीतीप्रमाणे बसल्या आणि उठून आल्या. मी नवी आले तेव्हा मला वाटायचं, संपेल हे कधीतरी. मग मलाही त्याची सवय झाली.

मागच्या शेतात मुंबईच्या कुणा माणसानं बंगल्यासाठी भराव टाकला, तिथून झाडाचे दिवस भरले. पूर्वी पावसाचं पाणी काकीच्या परसातून त्या शेतात उतरायचं. आता ते उतरायला जागाच राहिली नाही. केसरकाकीचं परसू हातभर उंच, तिथं काही झालं नाही. ठमाकाकीच्या परसात मात्र आषाढापासून घोट्याएवढं पाणी तुंबलं. तिनं चर खणले, मी माझ्या नवऱ्याला पंप घेऊन पाठवलं, पण उपसलं तेवढं पाणी संध्याकाळपर्यंत परत भरायचं. भाद्रपदात पानं पिवळी पडून गळाली. काकीनं शेंड्याकडच्या हिरव्या दिसणाऱ्या काड्या काढून कुंड्यांत लावल्या, वर ओलं गोणपाट घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःहून फाटे लावले, आणि एकही फुटला नाही. मुळांची कूज झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचली होती. दसऱ्याला तिनं बुंध्यावर हात ठेवला तर साल हातात आली.

नंतरचे दिवस मला आठवले की अजून वाईट वाटतं. काकी भांडेनाशी झाली. मासळीवाली दारात येऊन घासाघीस करायची वाट बघायची आणि काकी ती मागेल तो भाव देऊन आत जायची. सकाळी परसात जाऊन उभी राहायची, करायला काही नसायचं, मग झाडलेलंच अंगण परत झाडायची. मी जेवायला बोलावलं तर येऊन जेवायची, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं असतं हे जणू विसरूनच गेली होती. एकदा दुपारी माझ्या ओटीवर येऊन म्हणाली की परसात अंजिराच्या पानाचा वास येतोय. उन्हात अंजिराची पानं वास सोडतात हे खरं, पण झाड तर आम्ही तोडून सरपणाला लावलं होतं. मी म्हटलं, काकी, सवयीचा वास असतो तो. तिनं मान हलवली. तसा वास तिला पुन्हा दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी तिला समजुतीचं काहीतरी सांगून घालवलं.

मग एका सकाळी ती लुगडं बदलून, डोक्याला तेल लावून माझ्यापुढे हजर. म्हणाली, स्कूटर काढ, चोर शोधायचाय. मला आधी कळेना. तिनं सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं समजेना. ती जुनी फांदी कोयत्यानं साफ कापलेली होती. ज्यानं नेली त्यानं लावायलाच नेली असणार. आणि चोरलेली फांदी धरतेच. म्हणजे कुठंतरी, कुणाच्या तरी परसात, गलबती अंजीर उभं आहे. केसरकाकीचं नाव तिनं काढलं नाही. त्याचे पाय धरायचे आणि एक फाटा मागायचा. ज्या चोराला तिनं वीस वर्षं शिव्या घातल्या, त्याला उदंड आयुष्य मिळालेलं असू दे, असं ती आता म्हणत होती.

आम्ही फिरलो. शिवणाची कामं मागे टाकून मी तिला मागे बसवून रेवदंड्यात नेलं, नागावला नेलं, पार मुरुडच्या वाटेवर एका वाडीत कुणी अंजीर बघितलं होतं म्हणून तिथंही नेलं. काकी फाटकातूनच विचारायची, आणि घरात कुणी पुरुषमाणूस असेल तर आधीच हात जोडून, मी भांडायला आले न्हाय, असं सांगायची. लोक घाबरून झाड दाखवायचे. सगळी रोपवाटिकेतली, जांभळ्या फळाची. काकी पान हातात घ्यायची, तिच्या पानाचं मधलं बोट लांब असायचं, ते बघायची, आणि पान परत मालकाच्या हातात द्यायची. मी विचारलं, एखादी फांदी आपणच का नाही चोरत, अंजीर ते अंजीर. त्यावर तिनं पदर खोचला आणि म्हणाली, चल घरी.

एकच दार राहिलं होतं. ते गडग्यापलीकडे होतं आणि तिथं जायला स्कूटर लागत नव्हती. मी दोनदा सुचवलं, तिनं दोन्ही वेळा विषय बदलला. मला तिचा राग यायचा. जिला भर नळावर चोर म्हटलं, तिच्याकडे कुठल्या तोंडानं जायचं, हे कळत होतं तरी राग यायचा.

माघात आळीत कळलं की केसरकाकीनं घर विकलं. तिचा मुलगा भावेश उरणकडे ट्रेलर चालवायचा धंदा करतो, उलव्याला चौदाव्या मजल्यावर त्यानं घर घेतलंय. म्हातारीला एकटी किती दिवस ठेवायची, म्हणून तो तिला न्यायला आला. घर घेणाऱ्यानं सांगून ठेवलं होतं की टेम्पो निघाला की जेसीबी येईल, घर, विहीर, झाडंझुडं सगळं सपाट होईल. सकाळपासून कपाटं आणि पिंपं बाहेर निघत होती. ठमाकाकी स्वतःच्या पायरीवर बसून बघत होती. टेम्पोवर ताडपत्री चढली तेव्हा ती उठली, मला हाक मारली आणि गडग्याला वळसा घालून जावेच्या फाटकातून आत गेली. मी मागोमाग.

केसरकाकी रिकाम्या ओटीवर पिशवी घेऊन बसली होती. ठमाकाकी तिच्यापुढे उभी राहिली.

"केसर, ती फांदी तूच नेलीस ना गो? व्हय म्हण. मी काय बोलणार न्हाय."

केसरकाकीनं तिच्याकडे बघितलं. "न्हाय. तेव्हाबी सांगितलं. मी न्हाय चोरली."

ठमाकाकी तिथंच ओटीच्या कडेला बसली. तिचा शेवटचा चोर खोटा निघाला होता. खरा कोण होता ते आजतागायत आम्हाला कळलेलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला, आणि भावेश आत डोकावला तो तसाच मागे गेला.

थोड्या वेळानं केसरकाकी उठली. "चल मागं," म्हणाली. ती आम्हाला घराच्या मागच्या बाजूला, मोरीपाशी घेऊन गेली. तिथं गडग्याला लागून कमरेएवढं एक झुडूप होतं. खोड माझ्या मांडीएवढं जाड, वर नुसते घावांचे गाठाळलेले खुंट आणि त्यांतून फुटलेले लहान लहान धुमारे. पानांची मधली बोटं लांब होती. ठमाकाकीनं पान हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. तो वास सवयीचा नव्हता.

"चोरली न्हाय," केसरकाकी म्हणाली. "तू टाकलीस. त्या दसऱ्याला काटक्या टाकल्यास ना, त्यातली एक मी दोडक्याच्या वेलाला आधाराला रोवली. दोडका गेला, ही फुटली."

पुढचं तिनं सांगितलं ते खाली बघत, तुटक तुटक. झाड वाढायला लागलं तेव्हा ती घाबरली. गडग्याच्या वर गेलं असतं तर ठमाकाकीला दिसलं असतं आणि ती पुन्हा नळावर उभी राहून चोर म्हणाली असती, आणि या वेळी सगळ्या आळीला पुरावाच मिळाला असता. उपटून टाकायला हात होईना. मग तिनं कोयता घेतला. वर्षातून दोनदा, झाडानं डोकं काढायच्या आत, ती ते कमरेपर्यंत छाटत आली. धुमारा जुना होऊ दिला नाही, त्यामुळे फळही कधी धरलं नाही. ज्या अंजिरासाठी तिनं हात पसरला होता, ते वीस वर्षं तिच्या मोरीच्या पाण्यावर वाढत होतं आणि तिनं त्याचं एकही फळ खाल्लं नव्हतं.

ठमाकाकीनं विचारलं, माझं झाड गेलं तेव्हा का सांगितलं नाहीस. केसरकाकी म्हणाली, तू विचारशील म्हणून वाट बघत होते. मला दोघींच्याही थोबाडीत मारावीशी वाटली. मध्ये एक गडगा होता, साधा चिऱ्याचा, दोघींच्या बोलण्याचा आवाज आरपार जाईल एवढा.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. केसरकाकीनं मोरीवरचा कोयता ठमाकाकीच्या हातात दिला. ठमाकाकी म्हणाली, तूच काप आणि तुझ्या हातानं दे.

"दिलेली धरत न्हाय," केसरकाकी म्हणाली. "चोरून ने. मी बघत न्हाय."

आणि तिनं झाडाकडे पाठ केली, पदर डोक्यावरून ओढून घेतला, तोंड भिंतीकडे. ठमाकाकी कोयता हातात घेऊन उभीच. जन्मात दुसऱ्याच्या दारची काडी न उचललेली बाई. तिला चोरी कशी करतात तेच माहीत नव्हतं. शेवटी तिनं खाली वाकून एकेक करत चार फाटे कापले. चीक तिच्या हातावर सांडत होता आणि ती हुंदके आवरत होती, ते केसरकाकीला ऐकू येत असणारच, पण तिनं मान वळवली नाही. चोरी अर्धवट सोडलेली चालत नाही.

निघताना ठमाकाकीनं त्यातला एक फाटा केसरकाकीच्या हातात कोंबला. ही फांदी तू ने, म्हणाली. केसरकाकी म्हणाली की तिथं माती कुठली, पण तिनं तो घेतला, आणि भावेशनं पाण्याची बाटली कापून त्यात उभा केला. टेम्पो वळणावर जाईपर्यंत ती बाटली केसरकाकीच्या मांडीवर दिसत होती. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. दुपारपर्यंत पलीकडे लाल मातीशिवाय काही उरलं नव्हतं.

या वेळी काकीनं परसाच्या कोपऱ्यात चिऱ्यांचा चौथरा रचला, भराव घालून उंच केला आणि तिन्ही फाटे वर लावले. तिन्ही धरले. जगवायचा तो एक निवडून बाकीचे दोन तिनं कुंपणाशी, रस्त्यावरून हात पोचेल अशा जागी लावले. त्यातला एक महिन्याभरात नाहीसा झाला. काकीनं कुणाला काही विचारलं नाही. उलट त्या दिवशी मला तिनं चहा पाजला.

चौथऱ्यावरचं झाड पुढच्या दसऱ्याला गडग्याच्या वर गेलं. तिनं ते छाटलं, पण शेंड्याला हात लावला नाही. मी म्हटलं, आता केसरकाकीला फोन लावायला हवा. माझ्या मोबाइलवरून उलव्याला लावला, आवाज मोठा ठेवला. वीस वर्षं न बोललेल्या बायका. जेवलीस का, जेवले, एवढं झालं.

"तिन्ही धरल्या गो," ठमाकाकी शेवटी म्हणाली.

"माझी न्हाय धरली." पलीकडे लिफ्टचा की कसला तरी आवाज येत होता. "तू हातात दिलीस ना."

ठमाकाकीनं फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "मग तू ये. तू चोरून ने. मी पाठ करून बसते."

येते म्हणाली केसरकाकी. भावेशला विचारून सांगते म्हणाली. पण भावेशचे ट्रेलर कधी सुरतेला असतात, कधी नागपूरला, आणि केसरकाकीचे गुडघे आता एसटीची पायरी चढत नाहीत. होळी गेली, गुढीपाडवा गेला.

या चैत्रात झाडाला फळं आली. हिरवीच, मान टाकलेली. मी पोटल्या शिवून दिल्या, त्या काकीनं बांधल्या नाहीत. चोरणाऱ्याला पिकलेलं ओळखायला कठीण जाईल, म्हणाली. रोज ऊन उतरलं की ती पायरीवर येऊन बसते, झाडाकडे पाठ करून, पदर डोक्यावरून घेऊन, तोंड घराच्या भिंतीकडे. मागे खारी येतात, बुलबुलांनाही आता कळायला लागलंय. परवा मी ओटीवरून हाक मारली, काकी, निम्मी फळं गेली, जरा वळून तरी बघा.

"मी बघत बसले तर ती नेल कशी?" ती म्हणाली.

फाटकाला ती आता कडी लावत नाही.